कराचीला जाणारं पान

आमच्या घरात पान कुणी खात नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सासरे विडी ओढायचे, सासूबाई मिस्री लावायच्या, आणि माझ्या नवऱ्याला तर पानाचा वासही सोसायचा नाही. तरी बोरिवलीच्या गावठाणामागची आमची वाडी सगळी पानवेलीची. आम्ही वेल लावायचो, पान खुडायचो, निवडायचो, करंड्यांत बांधायचो, आणि ते खायचे कराचीतले लोक. सासऱ्यांच्या बापापासून असंच चालत आलेलं.

लग्न होऊन मी या घरात आले ती फाळणी झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, वाडीच्या झापाशी, बांबूच्या फाटकाबाहेर, चपला काढायच्या. मला हसूच आलं. म्हटलं, "आय, देवळात आपण मिस्सेला चपला घालून जातो आणि इथं काढायच्या?" त्या म्हणाल्या, "देवळात देव आहे गं, तो माफ करतो. वेल माफ करत नाही." असं आमचं ख्रिस्ती घर. जपमाळही म्हणायची आणि वेलीचा सोवळेपणाही पाळायचा.

आमचं पान पिवळसर, पातळ आणि जिभेला चटका देणारं. मुंबईचे पानवाले ते हातात घेऊन बघायचे आणि परत ठेवायचे. "तिखट आहे," म्हणायचे. कराचीत मात्र तेच हवं असायचं. तिथल्या बाजारात एक व्यापारी होता, तो आमच्या सासऱ्यांकडूनच माल घ्यायचा. तीस वर्षं दोघांचा व्यवहार, पण एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही. मधे मुंबईचा आडत्या, दोघांचा दलाल. आमच्या करंडीवर गोणपाटाचा तुकडा शिवलेला असायचा आणि त्यावर लाल रंगाचा मासा छापलेला. कराचीत ते पान 'लाल मासा' म्हणूनच विकलं जायचं. सासऱ्यांना त्याचं फार कौतुक होतं. घरी कुणी पाव्हणा आला की पाणी द्यायच्या आधी ते माशाचं सांगायचे.

तो व्यापारी गुजरातीत कार्ड लिहायचा. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. पण वाण्याकडून गुळाला, डाळीला जे कागद बांधून यायचे ते मी कधी फेकले नाहीत. त्यांच्यावरून हळूहळू गुजराती अक्षर लावायला शिकले. घरात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. म्हणून लग्नानंतर वर्षभरातच कराचीचं कार्ड आलं की सासरे हाक मारायचे, "सूनबाई, ये गं, तुझा सासरा नंबर दोन काय म्हणतो बघ." मीही ऐटीत वाचून दाखवायची. त्या ऐटीनंच पुढं घोटाळा केला.

देश दोन झाले म्हणून लगेच काही बिघडलं नव्हतं. दोन भाऊ वेगळे झाले, दोन चुली झाल्या, तरी सुरुवातीला मीठ-मिरची इकडून तिकडं जातेच ना? तसंच. करंड्या पार्सलनं मुंबईला, तिथून बोटीनं कराचीला जात राहिल्या. मग जकात लागली. मग त्यांचा रुपया आणि आपला रुपया वेगळ्या वजनाचे झाले, ते तर मला आजही कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. मग आडत्या म्हणायला लागला, आता तिकडच्या व्यापाऱ्याला त्यांच्या सरकारचा परवाना लागतो. परवाना असला तर माल उतरेल, नसला तर धक्क्यावर पडून राहील.

पान काही सागवान नव्हे. ओल्या पेंढ्यात नीट बांधलं तर आठ दिवस जगतं. नवव्या दिवशी कडेनं काळं पडतं, दहाव्या दिवशी करंडीतून असा वास सुटतो की माणूस तोंड फिरवतो. एकदा आमच्या अकरा करंड्या परवान्यासाठी धक्क्यावर अडकल्या आणि आडत्यानं निरोप धाडला, येऊन घेऊन जा नाहीतर समुद्रात टाकतो. सासरे स्वतः गेले. संध्याकाळी रिकाम्या करंड्या घेऊन परत आले. आत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण जेवायलाही बसले नाहीत.

बाजारात टोमणे मिळायचे ते वेगळेच. एक भाजीवाली म्हणाली, "काय रे म्हाताऱ्या, दुश्मनाचं तोंड रंगवतोस होय?" सासरे म्हणाले, "रंगवतो बाय. तुझं रंगवलं असतं, पण तुला दात कुठं आहेत?" सगळे हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "मी काय दारूगोळा पाठवतो का गं?"

दोन-तीन वर्षं अशीच उघडझाप चालली. परवाना यायचा, थांबायचा, परत यायचा. माझ्या नवऱ्याचा जीव या सगळ्याला कंटाळला होता. त्याला जोगेश्वरीच्या एका कारखान्यात जागा मिळत होती. रोज सकाळी शिट्टी, रोज संध्याकाळी शिट्टी, आणि महिन्याला ठरलेला पगार. तो बापाला म्हणायचा, "बाबा, बोटीच्या भरवशावर घर चालतं का?" सासरे म्हणायचे, "तू गेलास तर वेलीला हात कोण लावणार? मी एकटा? मग वाडी संपली म्हण." हे खरंच होतं. खुडणी आठवड्यातून दोनदा, बांधणी, पाणी, सगळ्याला दोन पुरुष लागायचे. नवरा मग कारखान्यातल्या मित्राला सांगायचा, अजून थोडं थांब.

मग एका पावसाळ्यात परवाना पूर्ण बंद झाला. वेल काही त्यामुळं थांबत नाही. न खुडलेलं पान जाड होतं, चामड्यासारखं होतं, वेल खांबाच्या वर निघून जाते. म्हणून आम्ही खुडायचोच. ओट्यावर बसून मी आणि सासूबाई पानं निवडायचो, मोठी वेगळी, मधली वेगळी, आणि मग सगळीच उचलून खड्ड्यात टाकायचो. थोडी मुंबईला पाठवून बघितली, ती त्या पानवाल्यांनी तशीच परत केली. निवडायचं कशाला? हे मी एकदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मग हातांनी काय करू?"

पाऊस सरता सरता कराचीचं कार्ड आलं. वाडीतच उभं राहून मी वाचलं. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, निदान चार-पाच महिने आशा नाही, वेलीला विश्रांती द्या.

आता वेलीची विश्रांती म्हणजे उतरणी. वर्षातून एकदा वेल खांबावरून सोडवून खाली आणतात, तिचं वेटोळं करतात आणि बुंध्याशी मातीत पुरतात. तिथून नवा कोंब फुटतो. तो खांबावर चढून पान द्यायला लागेपर्यंत चार महिने जातात. उतरणी आम्ही करायचो उपासकाळात, ईस्टरच्या आधी, आणि तीही अर्ध्या वाडीची. उरलेली अर्धी पुढच्या वर्षी. सगळी वाडी एकदम कधीच कुणी पुरत नाही.

सासरे कार्ड ऐकून वेलींमधून एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "सगळी उतरू या. पाच महिन्यांनी ताजं पान तयार असेल, तोवर दारही उघडेल. रोज खुडून खड्ड्यात टाकायचं तरी वाचेल."

सासूबाई म्हणाल्या, "सगळी नको. घरात सगळ्यांनी एकदम झोपायचं नसतं."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, नक्की चार-पाच महिने लिहिलंय?"

"नक्की," मी म्हटलं. "आणि त्यांना तिथलं ठाऊक असणारच ना बाबा."

हे शेवटचं वाक्य कार्डात नव्हतं, ते माझं. व्यापाऱ्यानं आपला अंदाज लिहिला होता आणि मी त्याला हुकूम करून दिला. मला वाटलं होतं, त्या खड्ड्यात पानं टाकायला नकोत. माझे हात दुखत होते, खरं तेच होतं.

आठ दिवसांत आम्ही सगळी वाडी उतरवली. फक्त विहिरीजवळच्या सुपारीच्या झाडांवर चढलेल्या जुन्या वेली राहिल्या. त्या इतक्या वर गेल्या होत्या की त्यांना हात घालायचं जमेना. सासरे म्हणाले, राहू देत. बाकी वाडी मोकळी, नुसते खांब उभे, जसं काही कुणी घर सोडून गेलंय.

सहा आठवडे झाले. मातीतून कोंब वर आले, माझ्या घोट्याएवढे. आणि एका सकाळी आडत्या स्वतः बोरिवलीला आला. तो कधी येत नसे. त्याला बघून सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"परवाना मिळाला," तो म्हणाला. "वीस दिवसांचा. किती करंड्या देता?"

सासरे त्याला घेऊन वाडीत गेले. आडत्यानं ते उघडे खांब बघितले आणि कपाळाला हात लावला. "अरे मेरे बाप! सगळी उतरवली?"

"त्यानंच लिहिलं होतं," सासरे म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग आडत्यानं खरी अडचण सांगितली. आता परवाना छापेवर मिळतो. या खेपेला ज्या छापेचा माल कराचीत उतरेल तिचंच नाव पुढच्या अर्जात लिहितात. ज्या छापेची करंडी उतरली नाही ती कटली. पुन्हा नाव घालायचं म्हणजे नव्यानं सुरुवात, आणि नवीन कुणाला तिकडं आता देत नाहीत.

म्हणजे लाल मासा वीस दिवसांत कराचीला पोचला नाही तर तो कायमचा गेला. मासा गेला तर वाडी गेली. ते तिखट पान दुसरं कुणीच विकत घेणार नव्हतं.

विहिरीजवळच्या सुपाऱ्यांवर पान होतं, पण जुनं आणि उंचावरचं. माझा नवरा शिडी लावून चढला. तीन दिवस तो खुडत होता, त्या शिडीखाली मी टोपली घेऊन उभी. वरून तो ओरडायचा, "धर!" आणि पानांचा झुबका खाली यायचा. मी एकही पान मातीला लागू दिलं नाही. निवडून निवडून भरल्या त्या फक्त दोन करंड्या.

आडत्या परत आला, दोन करंड्या बघून हसला. "यांनी काय होतंय? दहा तरी करा. वसईकडून मी पान आणून देतो. ते थोडं काळपट आहे, पण खाली भरा, वरच्या दोन थरांत तुमचं लावा. मासा सगळ्यांवर शिवा."

दुपारची वेळ. ओट्यावर आम्ही चौघं आणि आडत्या. सासूबाई पान पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

नवरा म्हणाला, "करू या बाबा."

"नाही," सासरे म्हणाले.

"का नाही? एकदाच. पुढच्या खेपेला आपलं तयार असेल."

"त्यानं करंडी उपडी केली तर?"

"तो काय म्हणेल? समुद्राच्या पलीकडं आहे तो."

"म्हणून तर," सासरे म्हणाले. "समोर असता तर भांडून मिटवलं असतं. इतक्या लांबून त्यानं माझ्यावर काय बघून विश्वास ठेवलाय? त्या माशावरच ना?"

नवऱ्याचा आवाज चढला. "आणि दोनच करंड्या बघून तो म्हणाला, एवढ्याशा मालासाठी मी कशाला अर्ज करू, तर? तेव्हा तुमचा मासा काय करणार? मी तीन वर्षं कारखान्याला थांब म्हणतोय बाबा. तीन वर्षं! कुणासाठी?"

"ओरडू नको रे," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीला भिंत लागून आहे."

"ओरडू दे त्याला," सासरे म्हणाले. मग आडत्याकडं वळून म्हणाले, "दोन करंड्या. दोन्हीवर मासा. जा."

आडत्यानं खांदे उडवले आणि दोन करंड्या घेऊन गेला. नवरा वाडीत गेला, संध्याकाळपर्यंत आलाच नाही. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, ते कार्ड मी नीट..." त्यांनी हात वर केला. "कार्ड बरोबर वाचलंस. मला ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकलं." ते माझी चूक अशी अर्धी आपल्याकडं घेत होते, हे मला त्याच वेळी कळलं. त्यानं मला आणखीच लाज वाटली.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक करून सांगता येतील. बोट कधी सुटली, कधी पोचली असेल, धक्क्यावर किती थांबली असेल, हाच हिशोब घरात. सासरे रोज सकाळी म्हणायचे, "आज तिसरा दिवस." "आज सहावा." आठवा गेला तेव्हा सासूबाईंनी देवळात मेणबत्ती लावली. नववा गेला. करंडी अजून उतरली नसली तर आत काय चाललं असेल ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टमन दुपारी यायचा. मी झापाशी उभी राहायची. त्यानं दुरून मान हलवली की मी आत जायची. एकदा त्यानं मान हलवली नाही, थांबला, पिशवीत हात घातला, आणि दिलं काय तर शेजारणीच्या भावाचं पत्र, तिला दे म्हणून. मला त्याला झोडावंसं वाटलं.

नाताळाला आठवडा उरला होता तेव्हा कार्ड आलं.

मी तिथंच, झापाशी, ते एकदा मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला पहिलं काय सुचलं असेल? हे कार्ड हरवलं म्हणावं. किंवा अर्धंच वाचावं. मागच्या वेळी मी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं, या वेळी एक कमी केलं तर कुणाला कळणार होतं? घरात गुजराती मला एकटीलाच येत होतं.

सासरे वाडीतून बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले. नवराही हातातलं फावडं टाकून आला, सासूबाई ओट्यावरून उतरल्या. मी मोठ्यानं वाचलं, जसं होतं तसं.

व्यापाऱ्यानं लिहिलं होतं: दोन्ही करंड्या मिळाल्या. उघडल्या, पान ठणठणीत होतं, वरपासून खालपर्यंत एकसारखं. बाजारात दाखवलं तेव्हा लोक म्हणाले, मासा आला. दोनच आहेत म्हणून मी रागावलो नाही, तुमची अडचण समजली. पण भाऊ, आता एक सांगतो. यापुढं मला परवाना नाही. कुणालाच नाही. आमच्या सरकारनं ठरवलंय की पान आमच्याच देशाच्या पूर्वेकडच्या भागातून आणायचं. ते विमानानं येतं. आता तुमच्याकडच्या पानाला इथं दार नाही. मी त्या पूर्वेकडच्या पानाचा व्यापार करणार आहे, पोरांचं पोट आहे. तुमच्या वेलींना माझा सलाम.

"परत वाच," सासरे म्हणाले.

मी परत वाचलं.

"वरपासून खालपर्यंत एकसारखं, असं लिहिलंय?"

"हो बाबा. तसंच लिहिलंय."

त्यांनी मान हलवली. मग ते वाडीकडं वळले. कोंब एव्हाना गुडघ्यापर्यंत आले होते, जमिनीवर लोळत होते. त्यांना आता खांबाला बांधायची वेळ झाली होती, नाहीतर मोडतात.

मला वाटलं होतं, नवरा म्हणेल, बघितलंत ना? तो हाताला लागलेली माती पुसत होता.

सासरेच म्हणाले, "पहिल्या तारखेपासून जा तू जोगेश्वरीला. सांग त्यांना, येतो म्हणून."

"आणि वाडी?"

"भेंडी लावू. गवार लावू. तुझी आय आणि सूनबाई बाजारात बसतील." मग म्हणाले, "विहिरीजवळच्या दोन ओळी बांधू. बाकी उपटायच्या."

"दोनच?" सासूबाई म्हणाल्या. "कुणासाठी?"

"कुणासाठी नाही."

त्या दुपारी आम्ही बांधायला बसलो. केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्या मी हातात दिल्या, सासूबाईंनी कोंब उचलून धरले, आणि सासरे एकेक वेल खांबाला टेकवून सैल गाठ मारत गेले. घट्ट मारली तर कोंब कापतो. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. उन्हं कलली. सासरे कंबर धरून उठले, म्हणाले, "झालं," आणि घराकडं निघाले.

नवरा उठला नाही. त्यानं माझ्या हातातल्या उरलेल्या दोऱ्या मागून घेतल्या आणि तिसऱ्या ओळीतला पहिला कोंब उचलला. मी धरला. त्यानं गाठ मारली, त्याच्या बापासारखीच सैल. घराच्या वाटेवर सासरे थांबले होते. त्यांनी मागं वळून बघितलं, आम्ही कुठल्या ओळीत आहोत ते बघितलं, आणि आत गेले.